लिंपलेली चीर

आषाढ अर्धा सरला आणि तुळसाच्या घराचं दार उंबऱ्याला घासायला लागलं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यात नवल नव्हतं. पण हे दार फणसाच्या जुन्या फळ्यांचं, सासऱ्यानं बसवलेलं, आजवर कधी अडलं नव्हतं. त्या सकाळी ती गोठ्यात जायला निघाली तर दार अर्ध्यावर येऊन थांबलं. तिनं खांदा लावला. दार करकरलं, हललं नाही. मग देव्हाऱ्यामागं ठेवलेला मेणबत्तीचा तुकडा आणून ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसली आणि फळीच्या खालच्या कडेला मेण घासत राहिली. मेण बसलं तसं दार मुकाट सरकलं.

"झाला सुतारपणा?" ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसलेला तिचा नवरा भिकाजी म्हणाला. "विनोदला सांग, आयेला पण कंपनीत लाव म्हणावं. यंत्र बंद पडलं का मेणबत्ती घेऊन धावंल."

"तुमचा गुडघा मेणानं सरकत नाय. नायतर तो पण घासला असता."

तुळसाच्या हाताला ते वळणच होतं. वाडीत कुणाची बादली गळायला लागली, कुणाच्या छत्रीची काडी निसटली, की बाया तिच्याकडं यायच्या. खालून पोलादपूरहून मिस्त्री आणायचा तर तो आधी गाडीभाडं मागणार, आणि वर चढून आला की दम लागला म्हणून अर्धा दिवस बसणार. तुळसा घरात असेल त्यावर भागवायची. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला तर भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून वरून पिळायचा. झऱ्याचा पाइप सुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. भांड्याला बारीक भोक पडलं तर साबण आणि राख मळून लावायची. तिनं सांधलेलं परत सुटत नसे, याचा तिला मनातल्या मनात थोडा अभिमान होता. संध्याकाळी देवापुढं बसली की तेवढ्याची ती माफी मागायची.

वाडी म्हणजे डोंगराच्या उतारावर एका ओळीत उभी असलेली मोजकी घरं. वर कातळाचा सपाट सडा, त्यावर एक शाळा. खाली भाताची खाचरं पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली. दर आषाढात तलाठी धापा टाकत यायचा आणि सांगून जायचा, दरडीचं भय आहे, पाऊस वाढला तर वर शाळेत जा. भिकाजी त्याला कोरा चहा द्यायचा आणि तो गेला की म्हणायचा, "दरडी यायच्या तिकडं मातीच्या डोंगरांना. आपल्या बुडाला कातळ हाय."

या पावसाळ्यात घर नीट ठेवायला तुळसाला वेगळंच कारण होतं. सून शर्मिला बिरवाडीला माहेरी बाळंत झाली होती. मुलगी. तुळसानं नातीला एकदाच पाहिलं होतं, तेही दुपट्यात गुंडाळलेलं नाक आणि एक मूठ. महाडच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला असणारा मुलगा विनोद आषाढी एकादशीनंतर वर आला तेव्हा बाळाला कधी आणायचं हेच बोलायला आला होता. पण दार ढकलताना त्याचा अंगठा चौकटीत चेंगरला आणि बोलण्याची सुरुवातच वाकडी झाली.

"आये, ह्या घरात आता राम नाय ऱ्हायला," अंगठा तोंडात धरून तो म्हणाला. "भांड्यांची मांडणी बग, एका अंगाला कलली हाय. पाण्याचा पाइप गळतोय. बाळाला हितं कसं आणू? तुमीच खाली चला. दोन खोल्या बगतो."

"आन म्हस?" भिकाजीनं विचारलं.

"म्हस इकायची."

भिकाजी काठी घेऊन उठला आणि पावसातच गोठ्यात जाऊन बसला.

तुळसानं लेकाच्या अंगठ्याला हळद लावली. चिंधी बांधता बांधता म्हणाली, "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आण तिला. माज्या घरात तिची झोळी बांधायची हाय. तवर घरात कुटं एक फट दिसली ना तुला, तर मी आपणहून गाठोडं घेऊन तुज्या मागं येईन."

विनोद हसला. "बग हां, आये. शब्द दिलास."

तो उतरून गेला आणि तुळसा पदर खोचून कामाला लागली. मांडणीच्या पायाखाली तिनं करवंटीचा तुकडा सारला. मांडणी सरळ झाली, भांडी ओळीत उभी राहिली. दाराला पुन्हा मेण लावलं. पाइपला ट्यूबची नवी पट्टी बांधली. माजघरातल्या तुळईला तिचं जुनं मऊ लुगडं टाकून झोळी बांधली, आत पायलीभर तांदूळ ठेवून हलवून पाहिली. झोळी संथ हलली.

चीर तिला त्याच आठवड्यात दिसली.

देव्हाऱ्याखालची भुई ती रोज सारवायची. त्या सकाळी शेणाचा हात फिरवताना बोटाला काहीतरी खरखरलं. केसाएवढी रेघ. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मधे कुठंही न तुटलेली, झोळीच्या बरोबर खालून गेलेली. तुळसाचा हात तिथंच थांबला.

देवाखालची भुई फाटली की घर फुटतं, असं सासूनं तिला नवी नवरी असताना सांगितलं होतं. भाऊ भावाचा राहत नाही. वाडीतल्या साऱ्या बायका ते मानत. आणि हे घर तर या शिमग्यात फुटलंच होतं. परसातल्या फणसावरून. धाकटा दीर नाथू म्हणाला, फणस माझ्या हद्दीत. भिकाजी म्हणाला, फणस बापानं लावलाय. शब्दाला शब्द लागला, नाथूनं घराच्या मधोमध कूड घातला आणि चूल वेगळी मांडली. तेव्हापासून तुळसा आणि तिची जाऊ चंद्राबाई एका झऱ्यावर पाणी भरत होत्या, पण हंड्यांचाच आवाज. त्या दिवशी तुळसा चंद्राबाईला एक शब्द वाईट बोलली होती. वांझोटीला फणसाची एवढी हाव कशाला, असं. तोंडातून गेल्यावर जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

आता ही चीर. वाडीला कळलं तर बाया तोंडावर पदर धरून बोलणार. विनोदला कळलं तर बाळ येणार नाही.

तिनं शेण, चुलीतली राख आणि भाताचा तूस एकत्र मळला, थोडा चुना घातला, आणि अंगठ्यानं दाबून दाबून चीर भरली. वरून सारवलं. वाळल्यावर कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ती परत उघडली. तिनं परत भरली. पुढच्या खेपेला नुसता लिंप पुरेना, तेव्हा जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून आत कोंबल्या आणि वर लिंप दिला. शेवटी तिनं नेमच धरला. चातुर्मासभर रोज सकाळी चीर लिंपल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. बोललेल्या शब्दाचं प्रायश्चित्त म्हण, असं तिनं देवाला सांगितलं. नेम धरल्यावर तिला जरा शांत वाटलं. रोज पहाटे अंघोळ, दिवा, तुळशीला पाणी, मग भुईवर वाकून चीर, मग तांब्याभर पाणी.

घर मात्र रोज काही ना काही मागत होतं. करवंटीनं सरळ झालेली मांडणी परत कलली, तेव्हा तिनं जुन्या चपलेचा तुकडा घातला. भिंतीत एक तिरकी रेघ उतरली, तिच्यावर तिनं कॅलेंडर टांगलं. झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलं, तेव्हा तुरटी फिरवली. पाइप तर दर दोन दिवसांनी निसटायचा. ट्यूबची पट्टी तुटलेली नसायची. पाइपच तिच्यातून ओढून बाहेर आलेला असायचा, दोन्ही टोकांना धरून कुणी खेचावा तसा.

"काशीमावशी, तुमची शेरडं आवरा," ती शेजारच्या म्हाताऱ्या काशीबाईला म्हणाली. "पाइप ओढतात माजा."

"माजी शेरडं रबर खातात व्हय गो?" काशीबाई हात नाचवत म्हणाली. "भाताचा पेंढा मिळंना त्यांना, म्हणून तुज्या पाइपाची मेजवानी?"

म्हशीचं दावं झिजलं होतं. एका पावसात म्हैस सुटून खाचरात उतरली. तुळसानं दाव्याला खताच्या गोणीची नायलॉनची सुतळी तिपेडी वळून जोडली, गाठी मारल्या आणि टोकं दिव्यावर धरून वितळवून चिकटवली. "आता म्हस जाईल पण दावं नाय जायचं," भिकाजी दावं ताणून बघत म्हणाला. तिला बरं वाटलं.

नागपंचमी उजाडली.

पंचमीला भुईला हात लावायचा नाही. खणायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नागाला लागतं. हळदीची पानंसुद्धा तुळसा विळीवर न घेता हातानं तोडायची आणि पातोळ्या वाफेवर करायची. तिनं भिंतीवर चंदनानं नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, हात जोडले. मग सवयीनं भुईकडं वळली.

चीर उघडी होती. काल सकाळी दिलेला लिंप दोन्ही कडांना पापुद्र्यासारखा उभा राहिला होता, आणि मधे दोन बोटं जातील एवढी काळी फट. चिंध्या दिसत नव्हत्या. आत गेल्या होत्या.

आज लिंपता येत नव्हतं. आणि लिंपल्याशिवाय पाणी पिता येत नव्हतं. तुळसा दोन नेमांच्या मधे बसून राहिली. मग म्हणाली, पाणीच नको. नागाच्या पूजेचं तीर्थ भांड्यात उरलं होतं, ते तिनं सहज त्या फटीत सोडलं. भांडं रिकामं झालं. पाणी कुठंच साठलं नाही, वर आलं नाही. तिनं कान लावला. खालून आवाज नव्हता.

तिनं चटई ओढून फट झाकली आणि झोळी तुळईवरून थोडी बाजूला सरकवली.

दुपारी पावसानं उघडीप दिली आणि बाया फुगड्या घालायला निघाल्या. पंचमीला घरोघरी जायचं, भांडण असो नसो. शेवटची पाळी चंद्राबाईच्या घराची होती. तुळसा मागं रेंगाळली, तर काशीबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं.

"जावाजावांची फुगडी झाल्याशिवाय मी हितनं हलणार नाय," म्हातारी म्हणाली. "शिमग्यापासनं तोंडं फिरवून बसल्यात. नाग बघतोय वरनं."

बाया हसल्या. चंद्राबाई भिंतीला टेकून उभी होती. माजघरात तिनं भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया अंथरल्या होत्या.

"चटया काढ की गो," काशीबाई म्हणाली. "पाय अडकायचे."

"ऱ्हाऊ दे मावशी. भुई थंड हाय."

दोघी जावांनी हात धरले. चंद्राबाईची बोटं गार आणि खरखरीत होती, नखांत चुना. तुळसाच्या मनात आलं, पंचमीला हिच्या नखांत चुना कसा. तोवर फुगडी सुरू झाली होती. घर फिरायला लागलं. बाया टाळ्या देत होत्या. पायाखालची चटई सरकली, गोळा झाली, आणि तुळसाचा उजवा पाय भुईत गेला.

घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत.

चंद्राबाईनं तिचे हात सोडले नाहीत, म्हणून ती पडली नाही. टाळ्या थांबल्या. तुळसानं पाय वर काढला. पायाला राख, शेण, तूस लागलं होतं आणि एक हिरवी चिंधी घोट्याला गुंडाळून बाहेर आली होती. जुन्या लुगड्याची, ती स्वतः द्यायची तसाच पीळ दिलेली.

चंद्राबाई खाली बसली. चटई परत ओढायला लागली.

"आक्का, कुणाला सांगू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "मीच घर फोडलं. माज्यामुळं देवाखालची भुई फाटली. यांना पण दावली नाय मी."

"कदीपासनं हाय?"

"आषाढीपासनं."

"रोज लिंपतेस?"

"रोज. काल रातच्याला लिंपली, आज पंचमी म्हणून."

ही तीच चीर होती. कुडाच्या पलीकडं तुळसाची संपत होती आणि अलीकडं चंद्राबाईची सुरू होत होती. दोघी एकाच भुईवर, एका कुडाच्या दोन बाजूंना, एकमेकींना चोरून एकच फट भरत बसल्या होत्या.

बोललं तर सगळं जाणार होतं. अब्रू, लेकाला दिलेला शब्द, उद्याचं बाळ. तिनं झोळी डोळ्यांपुढं आणली. झोळीखालून जाणारी रेघ डोळ्यांपुढं आली.

"माज्या घरात पण हाय," ती साऱ्या बायांसमोर म्हणाली. "देव्हाऱ्याखाली. मी पण लिंपते. रोज."

कुणी हसलं नाही. मग काशीबाईनं भिंतीचा आधार घेतला.

"माज्या चुलीमागं हाय," ती म्हणाली. "वर पोतं टाकलंय. मला वाटलं, सुनंला शिव्या घातल्या त्याचं फळ."

दाराशी उभी असलेली नवी सून संजीवनी अडखळत म्हणाली, "आमच्यात सासूबायनी वर धान्याची कणगी सरकवलीय. मला सांगितलं, माहेरी बोलू नको."

बाया उठल्या. एकामागून एक प्रत्येक घरात गेल्या. चटया निघाल्या, पोती निघाली, कणगी ढकलली गेली. प्रत्येक घरात ती होती. कुणी शेणानं भरलेली, कुणी नुसत्या मातीनं, कुणी शिळ्या भातानं. प्रत्येकीच्या तोंडावर तीच शरम, आणि पुढच्या घरात पाय टाकला की ती शरम पुसून तिथं दुसरंच काहीतरी येत होतं. शेवटच्या घराच्या गोठ्यामागं चीर उघड्यावर आली. तिथं तिला कुणी लिंपलं नव्हतं. गवत बाजूला केलं तर हात जाईल एवढी फट डोंगराच्या अंगावरून वाकडी होत पार ओढ्यापर्यंत गेलेली. पन्हळीचं पाणी धार धरून तिच्यात शिरत होतं, आणि उतारावर कुठूनही बाहेर पडत नव्हतं.

"एकच हाय," काशीबाई म्हणाली. "समद्यांची एकच."

पुरुष त्याच घराच्या ओटीवर पत्ते कुटत होते. नाथू बिडी न काढता म्हणाला, "सण हाय, फुगड्या घाला. भुई काय आज फाटते? दर साली फाटते."

तुळसानं दिराशी शिमग्यापासून शब्द काढला नव्हता. आताही ती सरळ भिकाजीकडं गेली, त्याच्या हातातली काठी घेतली आणि पुरुष मागोमाग आले तशी ती गोठ्यामागच्या फटीत सोडली. काठी गेली. मूठसुद्धा अडकली नाही. भिकाजी रिकाम्या हाताकडं बघत राहिला. नाथूची बिडी ओठातून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

"दार," तुळसा म्हणाली. तिला एकदम सगळं दिसत होतं. दार का अडत होतं, मांडणी का कलत होती, पाइप कोण ओढत होतं. "दार मी मेणानं सरकवत व्हते. घर सरकत व्हतं खाली."

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. पोरं, म्हातारीकोतारी माणसं, शेरडं, हाताला लागलं ते गाठोडं, सारे सड्याच्या वाटेला लागले. पाऊस परत सुरू झाला होता, बारीक आणि दाट. तुळसानं देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले. नाग भिंतीवरच राहिला.

भिकाजी मात्र आपल्या गोठ्यातून निघेना. म्हैस दाव्याला हिसके देत होती, डोळे पांढरे करत होती. तो गाठ सोडवत होता. गाठ पाण्यानं फुगली होती आणि टोकं तर तुळसानंच वितळवून एक करून ठेवली होती. त्याची बोटं सोलपटली.

"आवो, चला."

"म्हस टाकून? तू जा."

"सुटत नाय ती. मी बांधलीय."

गोठ्याच्या खांबाला कोयता अडकवलेला होता. पंचमीचा कोयता. काल धुऊन, पुसून, हळद लावून ठेवलेला. तुळसाचा हात त्याच्याकडं गेला आणि थांबला. लहानपणापासून या दिवशी तिनं सुपारीसुद्धा कातरली नव्हती. पायाखाली भुई हलकीच थरथरली, म्हशीच्या कातडीवरून माशी उठवताना थरथर जाते तशी.

"माजं काय असंल ते माज्यावर," ती पुटपुटली, "ह्यांना नको लावू," आणि तिनं कोयता मारला. नायलॉन एका घावात तुटेना. दुसरा मारला. तिसऱ्याला दावं तुटलं आणि म्हैस दोघांना धक्का देऊन वाटेला लागली. भिकाजीचा हात तुळसानं खांद्यावर घेतला. चढावर मधेच दुसऱ्या बाजूनं कुणीतरी त्याच्या काखेत हात घातला. चंद्राबाई परत आली होती.

शाळेच्या ओसरीवर सारे बसले. खाली वाडी दिसत होती. कौलं, कौलांतून येणारा धूर, परसातला फणस. सगळं जागच्या जागी. दुपार कलली. पाऊस थांबला, आला, परत थांबला. काही झालं नाही.

मग बोलणी सुरू झाली.

"पातोळ्या टोपात तशाच ऱ्हायल्या."

"शेरडांना चारा नाय हितं."

"तुळसाआक्कानं आज सणाचा वनवास केला," कुणीतरी मागून म्हणालं, आणि दोघंतिघं हसले. नाथू उठला. "म्या जाऊन सुकं लाकूड तरी घेऊन येतो. घरं तर हायत उभी."

तुळसा कातळाच्या कडेला बसली होती. देव पदरात घट्ट धरून. सकाळपासून पाणी नाही. आपण आपलं घर जगासमोर उघडं केलं, आणि खाली ते शहाण्यासारखं उभं आहे. रात्री सगळे परततील आणि ही गोष्ट पोरांच्या लग्नापर्यंत सांगतील. तिला ते चालणार होतं. देवा, मला खोटी पाड, ती म्हणत होती. मला खोटी पाड.

नाथू ओसरीच्या पायऱ्या उतरला होता.

आधी आवाज झाला नाही. आधी फणस हलला. वारा नव्हता. फणस हलला आणि उभाच्या उभा खाली चालायला लागला, पालखी निघावी तसा, एकही फांदी न मोडता. त्याच्या मागून तुळसाच्या घराचं कौल हललं, मग चंद्राबाईचं, मग ओळच्या ओळ. घरं पडली नाहीत. ती सगळी मिळून खाली निघाली, आणि मग वरच्या अंगाची लाल माती त्यांच्यावरून वाहून गेली. आवाज त्यानंतर आला. पोटात शिरणारा, लांबलचक. खाचरं गेली, ओढा गेला. ओल्या मातीचा आणि मोडलेल्या हिरव्या झाडांचा वास कातळापर्यंत चढून आला.

काशीबाई तोंडाला पदर लावून उभी होती आणि पदर तिनं दातांत धरला होता. नाथू पायरीवरच बसला. त्यानं एकदा मान वळवून तुळसाकडं पाहिलं आणि परत खाली पाहिलं. फणस जिथं होता तिथं आता खालची दरी दिसत होती. सड्यावरून ती आजवर कधी दिसली नव्हती.

सड्यावर फोनला रेंज होती. भिकाजीच्या खिशातला फोन वाजला, तेव्हा सगळेच दचकले. तो घेईना, म्हणून तुळसानं घेतला.

"आये, लागला एकदाचा फोन. उद्या कामावरनं सुटलो की बाळाला घेऊन निघतो," विनोद म्हणाला. मागं बाळ कुरकुरत होतं. "घर नीट हाय ना?"

तुळसानं खाली पाहिलं.

"आणू नको तिला. मीच येते."

"का गो? फट दिसली वाटतं?" तो हसत होता.

"व्हय. दिसली." ती थांबली. "गाठोडं नाय माज्याकडं. पण शब्द दिला व्हता, येते."

रात्र शाळेच्या खोलीत गेली. झोपलं कुणी नाही. उजाडता उजाडता तुळसा सवयीनं उठली. अंघोळीपुरतं पाणी नव्हतं. तिनं खिडकीत देव मांडले, हात जोडले आणि सवयीनंच भुईकडं वळली.

शाळेच्या फरशीत एक रेघ होती. भिंतीच्या कोपऱ्यापासून निघून फळ्याखाली गेलेली. जुनी असेल, सिमेंटची असेल. पोरांनी तिच्यात खडूचे तुकडे कोंबून ठेवले होते. तुळसा वाकली. बाहेर ओली माती होती, शाळेच्या चुलीत राख होती, पदराला फाडायला कड होती. बोटं आपोआप जुळून आली. कालपासूनच्या तहानेनं जीभ टाळूला चिकटली होती. लिंपली असती तर नेम पुरा झाला असता.

तिनं हात मागं घेतला.

"चंदे," तिनं हाक मारली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तिनं परत मारली, जरा मोठ्यानं. "अगो चंदे. काशीमावशी. समदी हिकडं या. हितं एक रेघ हाय. बगा जुनी हाय का नवी."

सगळे उठले. भोवती जमले, वाकून बघायला लागले. नाथूनं खडू काढून आत बोट घातलं. चंद्राबाईनं मात्र फरशीकडं पाहिलं नाही. तिनं कोपऱ्यातल्या कळशीतून तांब्या भरला आणि जावेपुढं धरला.

तुळसानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानंच, न थांबता, प्यायली.